बिऱ्हाड हलविण्याची विद्या

नोकरीपेशाच्या कुटुंबांत बदली ही नवी गोष्ट नाहीं. वरून हुकूम आला कीं आठ दिवसांत संसार बांधावयाचा, देव्हाऱ्यांतले देव धूतवस्त्रांत गुंडाळून डब्यांत ठेवावयाचे, आणि परक्या गांवीं, परक्या घरांत तोच संसार पुनः मांडावयाचा, हा अनुभव आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं एका तरी पिढीला आलेला असतो. त्या वेळीं गृहिणीच्या ध्यानांत एक भेद येतो, तो पुरुषांच्या सहसा येत नाहीं. सामान हलविणें निराळें आणि संसार हलविणें निराळें. सामान काय, हमालही हलवितो. परंतु जुन्या घरीं नळाला पाणी पहांटे येत असे, येथें तें दुपारीं येतें. तेथें खुंटी दाराच्या उजवीकडे होती, येथें खुंटीच नाहीं. तेथें शेजारीण हांकेसरशी येत असे, येथें भिंतीपलीकडे कोण राहतें हेंच ठाऊक नाहीं. अशा ज्या शेंकडों बारीक गोष्टींवर आपला संसार नकळत टेकलेला होता, त्यांची यादी कोणींच केलेली नसते. ती नव्या घरांत अडखळत अडखळत करावी लागते.

संगणकाच्या जगांत हेंच काम करणारा एक वर्ग आहे. त्याच्या कामास 'पोर्टिंग' म्हणतात. मराठींत आपण त्यास स्थलांतर म्हणूं. एका कार्यप्रणालीवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमवर, चालणारी आज्ञावली दुसऱ्या कार्यप्रणालीवर तितक्याच बिनबोभाट चालेल अशी करून देणें, हें त्याचें कार्य. आपल्या घरोघरचे पुष्कळ मुलगे व मुली आज पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशांत या क्षेत्रांत आहेत. आणि त्यांच्या आईवडिलांना विचारलें, तर "कंप्यूटरमध्यें आहे" यापलीकडे बहुधा उत्तर मिळत नाहीं. म्हणून या महिन्यांत या सदरांत त्या विद्येचा, आणि विशेषतः तिच्यांतील एका कठीण शाखेचा, परिचय करून देण्याचें योजिलें आहे. ही शाखा म्हणजे युनिक्स-कुळांतील निरनिराळ्या कार्यप्रणालींमध्यें जाळ्याच्या, म्हणजे नेटवर्कच्या, आज्ञावलींचें स्थलांतर.

प्रथम या कुळाची वंशावळ पाहूं. इ. स. १९६९ सालीं, ज्या वर्षीं आमच्या या भागांतील तारापूरचें अणुवीजकेंद्र वीज देऊं लागलें, त्याच वर्षीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत केन टॉमसन व डेनिस रिची यांनीं एका लहानशा यंत्रावर युनिक्सचा पाया घातला. त्या काळीं कार्यप्रणाली सामान्यतः त्या त्या यंत्राच्या स्वतःच्या सांकेतिक बोलींत लिहिलेली असे. यंत्र मोडींत निघालें कीं तिच्यावरील सर्व श्रमही मोडींत निघत. १९७३ सालीं युनिक्स हें रिची यांनीं घडविलेल्या 'सी' नामक भाषेंत पुनः लिहिलें गेलें, आणि १९७७-७८ च्या सुमारास तें इंटरडेटा या अगदीं निराळ्या घडणीच्या यंत्रावर नेण्यांत आलें. घराची व्यवस्थाच जेथें घर बदलूं शकते, तेथें तिच्या आश्रयानें राहणाऱ्या आज्ञावलीसही कोठें जाण्यास अडचण पडूं नये, अशी आशा त्यामुळें उत्पन्न झाली.

परंतु कूळ वाढलें कीं भाऊबंदकी आलीच. कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील विद्यापीठाची एक शाखा झाली, एटी अँड टी या मूळ मालकांची दुसरी. पुढें सन कंपनीचें सोलॅरिस, आयबीएमचें एआयएक्स, ह्यूलेट-पॅकर्डचें एचपी-यूएक्स अशीं घरें निराळीं झालीं. १९९१ मध्यें लिनस टॉरव्हाल्डस् या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्सचा आरंभ केला; तें जन्मानें या कुळांतलें नव्हे, पण आचारानें त्यांतलेंच झालें. जाळ्याच्या बाबतींत तर ही भाऊबंदकी अधिकच वाढली. १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेच्या आर्पानेटनें टीसीपी-आयपी ही संभाषणाची पद्धति स्वीकारली, आणि त्याच वर्षीं बर्कले शाखेनें आपल्या ४.२ या आवृत्तींत ती वापरण्यासाठीं 'सॉकेट' नांवाची सोय दिली. मूळ मालकांच्या शाखेनें कांहीं वर्षांनीं त्याच कामासाठीं 'स्ट्रीम्स' नांवाची वेगळीच रचना पुढें मांडली. जावयाचें एकाच रस्त्यावर, पण दारें दोन.

आतां कोणी विचारील कीं, इतर आज्ञावलींपेक्षां जाळ्याची आज्ञावली हलविणें अधिक कठीण कां? साधी आज्ञावली, उदाहरणार्थ हिशेब करणारी, आपल्याच घरांत बसून काम करते. तिला एकाच यजमानाची मर्जी सांभाळावी लागते. जाळ्याची आज्ञावली मात्र दोन करारांनीं बांधलेली असते. एक करार बाहेरच्या जगाशीं. तारेवरून जाणारें अक्षर कोणत्या क्रमानें जावें, उत्तर किती वेळांत यावें, निरोप घेतांना काय म्हणावें, हें सर्व आधींच ठरलेलें असतें, आणि त्यांत तसूभरही बदल करण्याची मुभा नसते. दुसरा करार घरांतल्या कार्यप्रणालीशीं, आणि तो घरागणिक निराळा. आंतलें सारें बदलावयाचें, आणि बाहेरच्यास कळूंही द्यावयाचें नाहीं! टपालाचें उदाहरण घेतां येईल. पाकिटावर पत्ता कोठें व कसा लिहावा हें टपालखात्यानें ठरविलेलें असतें. परंतु दौत कोणत्या कोनाड्यांत, टिकिटें कोणाच्या ताब्यांत, आणि पत्र पेटींत टाकावयास कोण जातो, हें प्रत्येक घरीं वेगळें. नव्या घरांत गेलेल्या माणसाला हें सर्व नव्यानें शिकावें लागतें, आणि तरीही पत्र मात्र पूर्वींच्यासारखेंच गेलें पाहिजे.

या कामांतील अडचणी पुष्कळ आहेत. त्यांतील तीन येथें सांगतों, कारण त्या तिन्ही संगणकाचा गंध नसलेल्या वाचकासही सहज कळण्याजोग्या आहेत.

पहिली अडचण अंकांची. आपण मराठींत 'पंचवीस' म्हणतों, म्हणजे आधीं पांच उच्चारतों व मागून वीस. पण लिहितांना आधीं दोन लिहितों व मागून पांच. इंग्रजी बोलणारा बोलण्यांतही वीस आधीं घेतो. आपल्या जुन्या ज्योतिषगणितांत शब्दांनीं संख्या सांगतांना एककापासून आरंभ करण्याचा दंडक होता, हें संस्कृत जाणणाऱ्यांस ठाऊकच आहे. संगणकांतही हाच मतभेद आहे. मोठी संख्या सांठविण्यास अनेक कप्पे लागतात. कांहीं यंत्रें थोर किंमतीचा कप्पा आधीं ठेवतात, कांहीं लहान किंमतीचा. सनचीं स्पार्क यंत्रें व आयबीएमचीं एआयएक्स चालविणारीं पॉवर यंत्रें पहिल्या मताचीं; इंटेलचीं दुसऱ्या मताचीं. डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञानें १ एप्रिल १९८० रोजीं या वादावर एक टिपण लिहिलें, आणि अंडें कोणत्या टोंकाकडून फोडावें यावरून लढणाऱ्या स्विफ्टच्या लिलिपुटवासीयांवरून दोन्ही पक्षांस नांवें दिलीं. तीं नांवें आजही चालतात. युनिक्स हा चार अक्षरी शब्द अशा घोंटाळ्यांत सांपडला, तर दोन दोन अक्षरांची अदलाबदल होऊन 'एन-यू-एक्स-आय' असा उमटतो, हा त्या मंडळींतला जुना विनोद आहे.

जाळ्यानें यांत निवाडा करून टाकलेला आहे. तारेवरून जातांना थोर कप्पा आधीं गेला पाहिजे, मग आपल्या घरची रीत कांहींही असो. म्हणून दर वेळीं संख्या बाहेर पाठवितांना ती 'जाळ्याच्या क्रमांत' करून द्यावी लागते. समजा, ती करण्याचें राहून गेलें. संकेतस्थळें ज्या दारावर पाहुण्यांची वाट पाहतात, त्याचा रूढ क्रमांक ८०. तो दोन कप्प्यांत लिहिला जातो: पहिल्यांत ०, दुसऱ्यांत ८०. कप्पे उलटे झाले कीं ८० ला २५६ नीं गुणावें लागतें, आणि ८० क्रमांकाचें दार २०४८० क्रमांकाचें होऊन बसतें. पाहुणा एका दाराशीं उभा, यजमान दुसऱ्याच दाराशीं! यांत खरी मौज पुढेंच आहे. सोलॅरिसच्या स्पार्क यंत्रावर ही चूक कित्येक वर्षें कोणाच्याही लक्षांत येणार नाहीं, कारण त्या घरची रीत व जाळ्याची रीत योगायोगानें एकच आहे. आज्ञावली इंटेलच्या यंत्रावर नेली, कीं मगच ती उघडी पडते. दोष नव्या घराचा नसतो. तो जुन्या घरींच होता. तेथें तो झांकला जात होता, इतकेंच.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे: नांव एक आणि अर्थ दोन. आमचें मनोर मुंबई-अहमदाबाद महामार्गावर असल्यामुळें येथील नाक्यावर मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली बोली या चारही कानांवर पडतात. हिंदी बोलणारा प्रवासी अभिमानानें सांगतो कीं, मुलास उत्तम 'शिक्षा' दिली. आणि मराठी ऐकणारा मनांत म्हणतो, बिचाऱ्या पोरानें असें काय केलें होतें! शब्द अगदींच अनोळखी असता तर अर्थ विचारला असता. ओळखीचा वाटला म्हणूनच फसगत झाली. युनिक्सच्या शाखांत असे शब्द पुष्कळ आहेत. बाहेरून आलेल्या पाहुण्यास आंत घेण्याची आज्ञा 'अ‍ॅक्सेप्ट' ही सर्वत्र एकाच नांवाची. परंतु दारावरील रखवालदारास "कोणासाठींही ताटकळत बसूं नको" अशी ताकीद दिलेली असेल, तर बर्कलेच्या परंपरेंत ती ताकीद आंत आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या बाबतींत आपोआप लागू होते. लिनक्समध्यें ती होत नाहीं, प्रत्येकास पुनः द्यावी लागते. बर्कलेच्या घरीं लिहिलेली आज्ञावली लिनक्सवर नेली, तर ती विनातक्रार चालूं लागेल. चांचणींतही उत्तीर्ण होईल. मग एके दिवशीं कोणी संथ पाहुणा येईल, अर्धें वाक्य बोलून थांबेल, आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या वाक्याची वाट पाहत सारें घर ताटकळेल. जी चूक लगेच ओरडते ती बरी. जी मौन धरते तिच्यासाठीं जाणकार माणूस लागतो.

तिसरी अडचण अनेकांकडे एकाच वेळीं लक्ष ठेवण्याची. एका सर्व्हरशीं हजारों लोक एकदम बोलत असतात. त्यांपैकीं कोणास काय हवें हें कळावें कसें? जुनी रीत अशी कीं रखवालदारानें प्रत्येक दाराशीं जाऊन विचारावें, पुनः पहिल्यापासून आरंभ करावा. बर्कलेची 'सिलेक्ट' व दुसऱ्या शाखेची 'पोल' या दोन्ही आज्ञा याच जातीच्या. दारें पन्नास असतील तर हें चालतें; दहा हजार झालीं कीं रखवालदाराचा सारा दिवस चालण्यांतच जातो. म्हणून पुढें प्रत्येक दारास घंटा बसविण्यांत आली, म्हणजे वाजेल तेथेंच जावें. पण घंटा प्रत्येक घरानें आपापल्या पद्धतीची बसविली. फ्रीबीएसडीची 'केक्यू', लिनक्सची 'ईपोल', सोलॅरिसची आणखी तिसरी. त्यांचे नियमही सारखे नाहींत: एखादी घंटा काम होईपर्यंत वाजत राहते, एखादी एकदांच वाजून गप्प बसते. एकदांच वाजणाऱ्या घंटेची संवय नसलेला माणूस त्या घरांत गेला, तर दाराशीं आलेला पाहुणा परत जातो.

हीं केवळ परदेशांतील वर्तमानें आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या देशांत जाळ्याचा पाया घातला गेला तो बऱ्याच अंशीं महाराष्ट्राच्या भूमीवर. १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्यानें 'अर्नेट' हें शिक्षण व संशोधन संस्थांचें जाळें उभारण्यास घेतलें. मुंबईंत जुहू येथें असलेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था, पवईची आयआयटी आणि इतर आयआयटी, तसेंच बंगळुरची विज्ञान संस्था त्यांत होत्या. जुहूच्या संस्थेचे संचालक एस. रमणी यांचें नांव २०१४ सालीं इंटरनेटच्या जागतिक सन्मानपटावर कोरलें गेलें. ही संस्था पुढें पुण्याच्या सी-डॅकमध्यें विलीन झाली.

या सी-डॅकचा इतिहास म्हणजे तर आपल्या विषयाचें जिवंत उदाहरण होय. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्याचा देह ट्रान्सप्यूटर नांवाच्या चिपांचा होता. त्या चिपा करणारी कंपनीच पुढें दुसऱ्या कंपनींत विरून गेली, आणि ट्रान्सप्यूटर बाजारांतून नाहींसा झाला. १९९८ मधील 'परम १००००' सनच्या स्पार्क यंत्रांवर व सोलॅरिसवर उभा राहिला. त्यानंतरच्या 'परम पद्म' या संगणकांत आयबीएमचे २४८ पॉवर-४ प्रोसेसर होते आणि कार्यप्रणाली एआयएक्स होती. जून २००३ मध्यें जगांतील ५०० वेगवान संगणकांच्या यादींत त्यास १७१ वें स्थान मिळालें. २००८ मधील 'परम युवा' इंटेलवर व लिनक्सवर आला, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरच्या यादींत त्यासही स्थान मिळालें.

आतां वाचकांनीं हिशेब करावा. सतरा वर्षांत घराण्याचें नांव एकच, पण घरें चार, आणि चारही निराळ्या घडणीचीं. महासंगणक म्हणजे शेंकडों प्रोसेसर एकमेकांशीं सारखे बोलत राहणें. त्यांच्यामधील जाळें मंदावलें तर एकेकट्याच्या बुद्धीचा उपयोग काय? सी-डॅकनें या जाळ्यासाठीं 'परमनेट' हें स्वतःचें यंत्र घडविलें आणि त्यावरच्या सॉफ्टवेअरला 'क्षिप्र' हें अन्वर्थक नांव दिलें. सोलॅरिसहून एआयएक्सवर जातांना अंकांचा क्रम तोच राहतो, कारण दोन्ही यंत्रें थोरल्या कप्प्याच्या पक्षाचीं. तेथून इंटेलवर येतांना तो उलटतो. म्हणजे पहिल्या स्थलांतरांत जी चूक सुखानें झोंपून राहील, ती दुसऱ्यांत जागी होणार. अशा वाटेनें जो गेला असेल त्याच्याच आज्ञावलीला सर्व घरांचें पाणी मानवतें.

आणि जे शास्त्रज्ञ हवामानाचीं किंवा अणूंचीं गणितें या यंत्रांवर करीत, त्यांचें काय? जें लिखाण केवळ ट्रान्सप्यूटरच्या स्वभावाला धरून झालें असेल, त्याला त्या चिपेबरोबरच सती जावें लागलें. परंतु १९९४ सालीं 'एमपीआय' नांवाची प्रोसेसरांच्या परस्परसंभाषणाची सर्वमान्य भाषा निश्चित झाली. ज्यांनीं आपलें गणित त्या भाषेंत मांडलें, त्यांचें गणित तेंच राहिलें. घर बदलल्याचा त्रास मधल्या थरांत काम करणाऱ्या मोजक्या माणसांनीं सोसला, आणि वर बसलेल्या शास्त्रज्ञांस तो जाणवला नाहीं.

हें साधतें कसें, याचें उत्तर मला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत सांपडतें. तेथें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य सुरू झालें, आणि १९६६ सालीं तें पुरें झालें. काश्मिरांत शारदा लिपींत, दक्षिणेंत ग्रंथ व मल्याळम लिपींत, बंगाल्यांत बंगाली लिपींत, असे या ग्रंथाचे संसार शतकानुशतकें निरनिराळ्या घरीं थाटले होते. आणि प्रत्येक घरच्या लेखकानें आपल्या ओळखीचें कांहीं त्यांत मिसळलें होतें. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर व त्यांचे सहकारी यांनीं जी शिस्त घातली ती ही: सर्व घरांस समान ठरेल तो पाठ वर, आणि घरोघरचे पाठभेद तळाशीं, प्रत्येक कोणत्या घरचा याच्या खुणेसह. कोणाचा पाठ लपवावयाचा नाहीं, आणि कोणाचा मूळांत घुसूंही द्यावयाचा नाहीं.

चांगला पोर्टिंग करणारा नेमकें हेंच करतो. 'ओपनएसएसएच' हें दूरच्या यंत्राशीं गुप्तपणें बोलण्याचें साधन आज जगांतील असंख्य सर्व्हरांवर आहे. १९९९ सालीं तें ओपनबीएसडी या एका युनिक्ससाठीं जन्मास आलें. त्याच्या कर्त्यांनीं आरंभापासून काम दोन गटांत वांटलें. एक गट केवळ आपल्या घरापुरती शुद्ध, साधी मूळ प्रत सांभाळतो. दुसरा तिच्याभोंवतीं लिनक्स, सोलॅरिस, एआयएक्स आदि घरांच्या पाठभेदांचा थर रचून ती सर्वांस देतो, आणि त्या आवृत्तीच्या क्रमांकापुढें 'पी' हें अक्षर जोडतो. मूळ ग्रंथ आणि तळटीपा! आणखी एक युक्ति १९९१ सालापासून रूढ झाली. आज्ञावली नव्या घरीं जाण्यापूर्वीं एक दूत पुढें जातो आणि विचारतो: येथें खुंटी आहे काय? असल्यास कोणत्या भिंतीवर? त्याच्या उत्तरांप्रमाणें मग सामानाची मांडणी होते. तसेंच १९८८ सालीं 'पॉसिक्स' या नांवानें या कुळाचें एक सामान्य धर्मशास्त्र सिद्ध झालें; जाळ्याच्या कलमांस मात्र त्यांत येण्यास आणखी बराच काळ लागला.

पाठभेद जपण्यालाही मर्यादा आहे, हें सांगितलें पाहिजे. 'ओपनएसएसएल' या दुसऱ्या प्रसिद्ध साधनांत अस्तंगत झालेल्या अनेक कार्यप्रणालींसाठीं लिहिलेल्या ओळी वर्षानुवर्षें सांचत गेल्या होत्या. २०१४ सालीं त्यांत 'हार्टब्लीड' नांवाचा मोठा दोष सांपडल्यानंतर ओपनबीएसडीच्या मंडळींनीं त्याची एक निराळी प्रत घेतली, आणि प्रथम झाडू हातीं घेऊन मेलेल्या घरांच्या नांवच्या हजारों ओळी काढून टाकल्या. तो दोष या ओळींमुळें आला नव्हता. परंतु इतक्या अडगळींत कोणास कांहीं दिसावें कसें? बदलीच्या वेळीं काय न्यावयाचें हें ठरविण्यापूर्वीं काय टाकून द्यावयाचें हें ठरवावें लागतें, आणि तें अधिक जड जातें.

या विषयाकडे मी वळलों त्यास कारण झालें तें एका वाचक-भगिनीचें पत्र. त्यांचा मुलगा एका खाजगी कंपनींत सात वर्षें हेंच काम करीत आहे. जुनें युनिक्स बंद होणार म्हणून तेथील दळणवळणाच्या आज्ञावली त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं लिनक्सवर नेल्या. दीड वर्ष लागलें. ज्या रात्रीं बदल झाला त्या रात्रीं कोणा ग्राहकास कांहीं कळलें नाहीं. वार्षिक परीक्षणांत त्यास सांगण्यांत आलें कीं, त्याच्या खात्यावर नवीन असें कांहीं दिसत नाहीं. तेव्हांपासून तो घरीं फारसा बोलत नाहीं. नोकरी सोडण्याचें त्याच्या मनांत आहे. "गुरुजी, हें काम खरोखरच आयुष्य घालविण्याच्या योग्यतेचें आहे काय, कीं त्यानें वेळींच दुसरें कांहीं धरावें?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न एका मातेचा आहे, म्हणून गुळमुळीत उत्तर देणें बरें नव्हे. त्यानें नोकरी बदलावी किंवा न बदलावी. तो व्यवहार त्याचा त्यास अधिक कळेल. परंतु काम हलकें म्हणून बदलूं नये, कारण तें हलकें नाहीं. त्याच्या यशाची खूणच ही आहे कीं कोणास कांहीं कळूं नये. आणि ज्या कामाचें यश दिसत नाहीं त्याचें मोल परीक्षणाच्या तक्त्यांत उतरत नाहीं, हा दोष तक्त्याचा आहे. डिजिटल इक्विपमेंट ही एके काळची बलाढ्य कंपनी. तिच्याच यंत्रांवर युनिक्स वाढलें. ती १९९८ सालीं दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली. सन २०१० सालीं ओरॅकलच्या स्वाधीन झाली. घरें पडतात, हें या विद्येंत गृहीतच धरावें लागतें. त्या घरांत ज्यांचे पैसे, तिकिटें व रुग्णांचे कागद होते, त्यांना रस्त्यावर यावें लागलें नाहीं, तें या मुलासारख्या माणसांमुळें.

मात्र त्यासही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली अशी कीं, अदृश्य कामाचा लेख मागें ठेवणें हें कर्त्याचेंच कर्तव्य आहे. कोणत्या घरीं कोणती खुंटी सांपडली नाहीं, कोणता शब्द निराळ्या अर्थाचा निघाला, कोणती चूक जुन्या घरींच होती व नव्या घरीं केवळ उघडी पडली, हें सर्व त्यानें साध्या भाषेंत लिहून काढावें आणि वरिष्ठांपुढें ठेवावें. "स्थलांतर पूर्ण" या दोन शब्दांवरून वरिष्ठास काय कळणार? "आपल्याच आज्ञावलींत आज्ञात राहिलेले इतके दोष या निमित्तानें हातीं लागले" असें म्हटलें म्हणजे त्याचा कान उघडेल. शिवाय हाच लेख पुढच्या बदलीच्या वेळीं, कदाचित् तो तेथें नसतां, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट सर्वच तरुण मंडळींसाठीं. घर सोडण्याची पाळी येईपर्यंत वाट पाहूं नये. आपली आज्ञावली ज्या कार्यप्रणालीवर चालते तिच्याखेरीज आणखी एका परक्या कार्यप्रणालीवर ती अधूनमधून चालवून पाहावी. एखादें थोरल्या कप्प्याच्या मताचें जुनें यंत्र मिळाल्यास तें आनंदानें जवळ ठेवावें. तेथें कायमचें राहावयाचें नाहीं, हें खरें. पण आपण कशाकशावर नकळत टेकून उभे आहों, हें परक्या घरीं चार दिवस राहिल्यावांचून कळत नाहीं.

आणि आपण वडील मंडळींनीं सायंकाळीं जेवतांना मुलाला वा मुलीला "आज नवीन काय केलेंस?" असें विचारण्याऐवजीं "आज काय हलविलेंस, आणि तें कसें निभावलें?" असें एकदां विचारून पाहावें. उत्तर लांबेल, त्यांतलें अर्धें कळणार नाहीं, भात निवेल. पण मूल बोलेल.